गडद टोप रंग भिंतीवर वांगी, मळका किंवा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतोय? पुन्हा रंगवण्याआधी हे तपासा

शेड कार्डवर छान उबदार, करडा-तपकिरी वाटलेला टोप (इंग्रजीत taupe) रंग. दोन हात मारून झाले, रात्री दिवे लावले आणि भिंत वांगी दिसायला लागली. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी रंगाच्या दुकानात ही तक्रार ठरलेली. हॉलची एक भिंत गडद टोप करायची टूम निघाल्यापासून तर जास्तच. तक्रारीचे सूर तीन: रंग जांभळट झाला, रंग चिखलासारखा मळका दिसतो, भिंतीवर पट्टे नाहीतर डाग उठले. आणि तिन्हींवर घरात सुचणारा उपाय एकच असतो, दुसरी शेड आणायची आणि त्यावरून मारायची. दुकानदार म्हणून मला ते परवडतं. पण बहुतेक घरांत त्याची गरज नसते, आणि कारण तसंच राहिलं तर दुसरी शेडही तोच खेळ करते.

म्हणून आधी एक चाचणी. डब्यात उरलेला रंग लाकडी पट्टीने अगदी तळापासून ढवळा, वरवर नको, कारण जड रंगद्रव्य खाली बसलेलं असतं. जाड पांढऱ्या ड्रॉइंग शीटच्या तुकड्यावर दोन हात मारा, मधे नीट वाळू द्या. ओल्या रंगावरून काहीही ठरवू नका, इमल्शन वाळताना शेड बदलते, बहुतेक वेळा गडद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे बंद करून, खिडकीशी पण थेट उन्हात नाही अशा जागी, तो तुकडा शेड कार्डाशेजारी धरा. मग तोच तुकडा भिंतीवर टेपने चिकटवा आणि चार पावलं मागे या.

तुकडा कार्डाशी जुळत नसेल तर टिंटिंगमध्ये, म्हणजे दुकानातल्या मशीनवर शेड बनवताना, घोटाळा आहे. डब्यावर चिकटवलेल्या स्टिकरवरचा शेड नंबर आणि बेस (ज्यात रंगाचे थेंब मिसळतात तो मूळ रंग) तपासा आणि डबा घेऊन सरळ दुकानात जा. चुकीचा बेस ही त्यातली नेहमीची गोष्ट. गडद शेडसाठी कमी पांढरं असलेला डीप बेस लागतो, त्याच्याऐवजी पांढऱ्या बेसमध्ये तेवढेच थेंब पडले की टोपचा फिकट गुलाबी होतो. तुकडा कार्डाशी जुळतो पण भिंतीशी नाही, तर रंग मारताना काहीतरी झालंय, त्याकडे खाली येतो. आणि तिन्ही जुळत असतील, तर रंगाचा दोष नाही. तुम्हाला हवा होता तोच रंग भिंतीवर आहे, फक्त तुमच्या खोलीत तो तसा दिसत नाहीये. या तिसऱ्या गटातलेच लोक सगळ्यात जास्त चिडलेले असतात.

हे टोपच्याच बाबतीत का होतं, निळ्या किंवा हिरव्या भिंतीच्या बाबतीत का नाही? टिंटिंग मशीनमध्ये टोप बनताना बेसमध्ये मुख्यतः काळा, लाल ऑक्साइड आणि पिवळा ऑक्साइड पडतो, कधी अंबर (umber, मातकट तपकिरी). हे रंग एकमेकांना जवळपास मारून टाकतात आणि उरतो तो करड्या-तपकिरीच्या मधला, कुठल्याच बाजूला ठाम न झुकलेला रंग. निळी भिंत पिवळ्या दिव्यात थोडी हिरवट झाली तरी आपण तिला निळीच म्हणतो. टोप मात्र काठावर उभा असतो. दिवा, फरशी, पडदा, खिडकीबाहेरचं झाड, कोणीही हलकं ढकललं की तो लाल-जांभळ्याकडे नाहीतर हिरव्याकडे जातो. तो कुठे झुकतोय हे शेड कार्डवर एकटा बघून कळत नाही. त्याला पांढऱ्याशुभ्र ए-फोर कागदावर ठेवा आणि शेजारी तशाच गडदपणाच्या आणखी दोन टोप शेड ठेवा. मग दिसतं, यातली एक उघड गुलाबी आहे, एक खाकी आहे आणि एक मधली आहे.

दिवा

दुकानात होणारा संवाद साधारण असा.

"काका, तुम्हाला म्हटलं होतं ना, जांभळट नको. सगळी भिंत जांभळी झालीय."

"ताई, दिवसा पण जांभळीच दिसते का?"

"दिवसा बरी आहे. संध्याकाळी घरी आलं की..."

"हॉलला दिवे कुठले?"

"पांढरेच. आहेत त्या ट्यूबा."

इथे निम्मं उत्तर मिळालं. आपल्याकडे एलईडी बल्ब किंवा ट्यूब सांगितली की काउंटरवरचा माणूस न विचारता ६५०० केल्विनची देतो. खोक्यावर 'कूल डे लाइट' लिहिलेलं असतं. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका प्रकाश निळसर, लहान तितका पिवळा. त्या प्रकाशात निळा भाग भरपूर असतो. टोपमधला उबदारपणा ज्या पिवळ्या ऑक्साइडमुळे येतो तो अशा प्रकाशात मागे पडतो. पुढे राहतात काळा आणि लाल, त्यात दिव्याचा निळा, आणि या सगळ्याचं मिळून जांभळट. शिवाय स्वस्त एलईडीमध्ये गडद लाल भाग मुळातच कमी असतो. खोक्यावर सीआरआयचा आकडा असतो, रंग किती खरे दिसतात त्याचं ते माप. ८० म्हणजे चालसे, ९० आणि वर म्हणजे चांगले. त्यातही मेख अशी की हा सरासरी आकडा काढताना घेतलेल्या आठ नमुना रंगांत गडद लाल नसतोच. त्यामुळे ८० लिहिलेले दोन बल्ब तपकिरी भिंतीवर दोन वेगळे रंग दाखवू शकतात.

उपाय: ३००० केल्विनचे, मिळाले तर ९० सीआरआयचे दोन बल्ब आणा आणि त्या भिंतीजवळचे पांढरे बल्ब काढून लावून बघा. दोन रात्री राहू द्या, कारण पहिल्या रात्री सगळ्यांनाच ते पिवळे वाटतात. घरातली वडीलधारी मंडळी "हे काय, लोडशेडिंग आहे का" असं म्हणणार, हे धरून चाला. त्यांचं अगदीच चूक नसतं. पिवळा दिवा म्हणजे चाळीस वॅटचा मंद बल्ब हे समीकरण डोक्यात बसलंय, पण खरी अडचण निराळी आहे. गडद टोप त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम १५ ते २० टक्के परत टाकतो, पांढरी भिंत ८० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे आधी ज्या एका वीस वॅटच्या ट्यूबवर हॉल उजळत होता, तीच ट्यूब आता कमी पडते. दिवा उबदार करताना प्रकाश वाढवावाही लागतो. एक मोठा दिवा न लावता दोन-तीन जागी लहान दिवे लावा, आणि त्यातला एक तरी भिंतीवर पडणारा हवा. तडजोड म्हणून ४००० केल्विन चालतो. अभ्यासाच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला मी तोच सांगतो.

सगळ्यात वाईट म्हणजे मिश्र दिवे. पीओपीच्या झालरीत पिवळी पट्टी, मधे पांढरं पॅनेल, टीव्हीमागे निळसर स्ट्रिप. एकाच भिंतीवर वरती चॉकलेटी, मधे वांगी, खाली करडा. हे रंगाने कधीच सुटत नाही. एका खोलीत एकच केल्विन ठेवा.

खिडकी आणि महिना

उत्तरेकडच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ नुसता आकाशाचा उजेड येतो, आणि तो निळसर असतो. पश्चिमेच्या हॉलमध्ये तोच रंग संध्याकाळी पाचला भाजलेल्या विटेकडे झुकतो. हे बहुतेकांना माहीत असतं. लक्षात येत नाही ती महिन्यांची गोष्ट. मुंबई-पुण्यात शून्य सावलीचे, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे, दिवस वर्षात दोन, एक मेच्या मध्यात आणि दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्यही आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं. डिसेंबरात त्याच खिडकीत थेट ऊन अजिबात नसतं. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत उत्तरेच्या बेडरूममध्ये पसंत केलेला उबदार टोप जुलैच्या ढगांखाली थंड आणि थंडीत आणखी थंड दिसतो. उलट ऐन पावसाळ्यात, गणपतीच्या गडबडीत निवडलेला रंग ढगाळ उजेडात "जरा फिकट वाटतो" म्हणून लोक एक पायरी गडद आणि एक पायरी लाल घेतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो अंगावर येतो.

कोकणात आणि तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये आणखी एक भानगड. खिडकीबाहेर हिरवं झाड किंवा हिरवळ असली की पावसाळ्यात आत येणारा उजेड हिरवट असतो. जांभळटच्या तक्रारी येतात त्याच मोसमात या घरांतून "रंग शेवाळी दिसतो" अशा तक्रारी येतात. शेड तीच, डबाही कदाचित त्याच लॉटचा. इथे थोडा लालसर झुकलेला टोपच बरा ठरतो, शहरातल्या फ्लॅटला मी जो टाळायला सांगेन तोच.

शेजारी

दिवे बदलले, दिवसाही बघितलं, तरी जांभळटपणा उरतोय? मग भिंतीकडे बघणं सोडा आणि फरशीकडे बघा.

बिल्डरने दिलेल्या दोन बाय दोन फुटी क्रीम व्हिट्रिफाइड लाद्या, मधाळ पॉलिश केलेली सागवानी चौकट, आयव्हरी रंगाचे दरवाजे. हे सगळं पिवळ्या-नारिंगी बाजूचं आहे. पिवळ्याच्या शेजारी ठेवलेला करडा रंग डोळ्याला जांभळ्या बाजूचा दिसतो, नारिंगीच्या शेजारी निळसर. हे डोळ्याचं काम आहे, रंगाचं नाही. पॅरिसमधल्या गोबलॅं या सरकारी गालिचा-पडद्यांच्या कारखान्यात मिशेल-युजेन शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगविभागाचे प्रमुख होते. काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी लोकरीचा धागा तपासला तर रंग उत्तम होता. गोंधळ होता तो विणताना त्या काळ्याशेजारी आलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्या हॉलमधली भांडणं त्याच जातीची आहेत.

तपासायला सोपं आहे. जुनी चादर घ्या, पांढरी किंवा करडी, आणि भिंतीलगतच्या लाद्यांवर अंथरा. दाराच्या चौकटीवर वर्तमानपत्र लावा. आता भिंत बघा. जांभळटपणा निम्म्यावर आला असेल तर दोषी सापडला, आणि रंग न बदलता काम होईल. भिंतीपासून चार-पाच फूट पसरणारा गालिचा किंवा सतरंजी घाला, गव्हाळ, तागाच्या किंवा विटकरी रंगाची. फिकट करडी नको, तिने भिंतीतला लाल आणखी वर येतो. पडदे पिवळसर क्रीम असतील तर तेही बदला. जाडसर कच्च्या सुती कापडाचे, मांजरपाटाच्या रंगाचे पडदे या शेडशेजारी फार शांत बसतात, आणि महाग पडत नाहीत. गडद पॉलिशचं शिसवी लाकूड, पितळी समई किंवा हंडा, तांबं, हे सगळं टोपमधला उबदारपणा ओढून बाहेर काढतं. पितळ घासलेलं असू द्या, काळवंडलेलं पितळ टोपवर नाहीसं होतं.

छताचंही बघा. चुन्यात नीळ टाकण्याची आपली जुनी सवय डब्यातल्या रंगापर्यंत आली आहे. आपल्याला 'स्वच्छ पांढरा' म्हणून आवडतो तो पांढरा बऱ्याचदा निळसर झाकेचा असतो. तसं झळझळीत छत आणि खाली गडद टोप भिंत असली की भिंत उबदार न दिसता मळकी दिसते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "धुरकट झालीय का हो?" छताला किंचित उबदार पांढरा द्या. पिवळट क्रीम मात्र नको, नाहीतर लाद्यांचीच कथा वर सुरू होते. खिडक्यांच्या पांढऱ्या पावडर-कोटेड चौकटी सहसा त्रास देत नाहीत, क्षेत्र लहान असतं.

आणि अजून रंग विकत घेतलाच नसेल तर: पिवळ्या लाद्यांच्या घरात खाकीकडे झुकणारा टोप घ्या, जो कार्डवर तुम्हाला "जरा हिरवट" वाटतो. लाद्या त्यातला हिरवटपणा खाऊन टाकतात आणि हवा तो तपकिरी उरतो. कार्डवर सगळ्यात गोड, चॉकलेटी दिसणारी शेड या घरात नेमकी वांगी होते. शेड भिंतीवर थेट मारून बघू नका, जुना रंग तिच्या चहूबाजूंनी राहतो आणि डोळा फसतो. दोन बाय दोन फुटांचा प्लायचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा, प्रायमर, दोन हात. तो सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा, आणि एकदा लादीवर उभा करून.

भिंतच एकसारखी नसेल तर

आता कामातले दोष. गडद रंग काही लपवत नाही. पांढऱ्या भिंतीवर जे पंधरा वर्षं दिसलं नाही ते टोपच्या पहिल्या हाताबरोबर दिसतं.

पट्टे दिसतात ते बहुधा रोलरच्या कडा वाळल्यामुळे. पेंटरने अर्धी भिंत मारली, चहाला गेला, येऊन उरलेली मारली. मधली रेघ कायमची. पंखा बंद ठेवून, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, ओल्या कडेवर ओला रोलर चढवत एका दमात जायचं असतं. भिंतीच्या चारी बाजूंनी गडद चौकट दिसत असेल तर ती कटिंगची. ब्रशने कडा सकाळी मारल्या, रोलर दुपारी फिरवला, आणि दोन्हींचा पोत वेगळा पडला. दोन्हींवर इलाज एकच, बारीक पेपरने हलकी घासाई, धूळ पुसून पूर्ण भिंतीला आणखी एक हात. तुकड्यात टचअप करायला गेलात तर ठिगळ दिसणारच. उरलेला रंग त्याच डब्यातला असला तरीही.

दोन हातांनंतर खालचा पांढरा डोकावतोय? टोपमधला काळा आणि ऑक्साइड हे दोन्ही चांगले झाकणारे रंग आहेत. पातळ दिसतंय म्हणजे पाणी जास्त पडलंय. किती पाणी ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि मजुरीसकट ठरवलेल्या कामात ते क्वचितच वाचलं जातं. एका भिंतीला दोन-तीन डबे लागणार असतील तर ते सगळे आधी एका स्वच्छ बादलीत एकत्र करायला लावा. मशीनने बनवलेल्या दोन डब्यांतही उन्नीस-बीस फरक असतो, आणि डबा संपला तिथे तो भिंतीवर सरळ रेषेत दिसतो.

भिंतीला समांतर प्रकाश टाकणारी प्रोफाइल लाइट लावली असेल आणि लाटा दिसत असतील, तर रंगाखालची लांबी (पुट्टी) नीट घासलेली नाही. रंगाचा संबंध नाही. एकतर पुन्हा लांबी भरून घासा किंवा दिवा भिंतीपासून फूटभर लांब न्या. दुसरं स्वस्त आहे.

पावसाळ्यात रंगवलेल्या घरांतली एक तक्रार मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यावर लोक फार घाबरतात. रंग होऊन आठवडा झाला आणि भिंतीवरून तपकिरी, चिकट, चकचकीत ओघळ उतरलेत. कुणी म्हणतं गळती, कुणी म्हणतं रंग भेसळीचा. ओघळावर ओलं बोट फिरवा. बोटाला किंचित साबणासारखा बुळबुळीतपणा लागला आणि ओघळ निघाला, तर यातलं काही नाही. गडद शेड बनवायला रंगद्रव्याचा घोळ भरपूर लागतो, आणि त्या घोळात पाण्यात विरघळणारे, साबणाच्या जातीचे घटक असतात. कोरड्या हवेत ते थरात सामावून जातात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, खिडक्या बंद असताना, थर हळू वाळतो, रात्री भिंतीवर दव धरतं आणि ते घटक पाण्याबरोबर वर येऊन ओघळतात. फिकट शेडमध्ये हा घोळ थोडा, म्हणून तिथे हे सहसा होत नाही. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आणि स्वयंपाकघरात जास्त दिसतं.

कोपऱ्यात ओला पांढरा फडका हलकेच फिरवून बघा. रंगच फडक्याला लागत असेल तर अजून थांबा. लागत नसेल तर मऊ स्पंज आणि साधं पाणी, वरून खाली, मग कोरड्या कापडाने टिपणं. साबण नको, घासणं तर नकोच. हवा दमट राहिली तर ओघळ एखाद-दोन वेळा परत येतात, पुन्हा पुसा. ते घटक धुऊन गेले की थांबतात, रंगाच्या टिकाऊपणाला धक्का लागत नाही. त्यावर लगेच आणखी एक हात चढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. नवा थरही तसाच ओघळतो. पुढच्या वेळी हात मारून झाल्यावर पंखा लावून, खिडक्या उघड्या ठेवून, दोन हातांत डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त अंतर ठेवून काम करा, आणि जमलंच तर पावसाळा टाळा.

ओघळ तपकिरी नसून पांढरी पावडर फुटत असेल तर तो लोणा. हा वेगळा आणि गंभीर प्रकार. भिंतीत कुठून तरी पाणी शिरतंय आणि प्लास्टरमधले क्षार बाहेर आणतंय. इथे ओला फडका अजिबात नको, क्षार विरघळून परत भिंतीत मुरतात. कोरड्या ब्रशने झाडा आणि पाण्याचा उगम शोधा. मागे बाथरूम आहे का, बाहेरच्या भिंतीला भेग आहे का, वर गच्ची आहे का. ओल थांबल्याशिवाय आणि भिंत खडखडीत वाळल्याशिवाय कुठलाही रंग टिकणार नाही. नवीन बांधकामात प्लास्टर झाल्यावर निदान २८ दिवस पाणी मारणं आणि वाळणं यात जाऊ द्या. ताबा मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी गडद रंग मारलेल्या भिंतीवर मिठासारखे नकाशे उमटलेले मी भरपूर बघितलेत.

मॅट फिनिशचं वेगळं दुखणं. गडद मॅटवर नख ओढलं की पांढरी रेघ उठते, कारण मॅट करण्यासाठी घातलेली खडूच्या जातीची भुकटी उघडी पडते. ओल्या कापडाने रेघ बऱ्याच अंशी जाते. उलट दिवाणाच्या मागे, जिथे डोकं टेकतं तिथे, तेलाने काळपट चकचकीत गोल होतो आणि पुसला की आणखी चमकतो. तेल लावून टीव्ही बघायची सवय असलेल्या घरात त्या भिंतीला मॅट देऊ नका, हलक्या चमकेचा शीन फिनिश घ्या किंवा डोक्याच्या उंचीला लाकडी पट्टी मारून टाका. देवघराच्या भिंतीचंही तसंच. उदबत्तीची काजळी गडद रंगावर दिसत नाही हे खरं, पण ती पुसताना चमकदार पट्टा उमटतो तो दिसतो.

बदलायचाच असेल तर

सगळं करूनही भिंत डोळ्यात खुपत असेल तर जरूर बदला. फक्त पेंटरला बाजारातल्या स्टेनरच्या बाटलीने जागेवर "थोडा पिवळा मारून" दुरुस्त करू देऊ नका. टोपमध्ये थेंबाथेंबाचा खेळ असतो. बादलीत जमला तरी पुढच्या वर्षी टचअपला तो रंग पुन्हा कुणालाच बनवता येणार नाही. दुकानात सांगून त्याच शेडचा पिवळ्याकडे झुकलेला शेजारी घ्या. "हाच रंग निम्म्या ताकदीचा द्या" असंही मशीनला सांगता येतं, पण फिका केल्यावर लाल झाक जास्त उघडी पडू शकते, म्हणून आधी एक लिटर बनवून तुकड्यावर बघा. टोपवर टोप चढवायला प्रायमर लागत नाही, हलकी घासाई पुरते. टोपवरून फिकट रंगाकडे जायचं असेल तर मात्र पांढऱ्या प्रायमरचा एक पूर्ण हात हवाच, नाहीतर फिकट रंगाचे चार हात होतात.

दहा बाय बारा फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी साधारण एक ते सव्वा लिटर लागतो. दोन लिटर घ्या. उरलेला रंग लहान, काठोकाठ भरेल अशा बरणीत ओता, झाकण घट्ट लावा आणि मशीनचं स्टिकर त्यावर चिकटवा. स्टिकरचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा, कारण माळ्यावरच्या बरणीचा कागद झुरळं खातात.